‘आरत्या’ नावाच्या फोल्डरमधली गाणी

कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आलो, आणि तेव्हापासून बायको इथल्या महिला भजनी मंडळात जाते. मंगळवारी ती गेली की मी दार लावून कंप्यूटरसमोर गात असे. एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

नुसता गात असतो तर काही बिघडलं नसतं. पण इंटरनेटवर कुणीतरी द्वंद्वगीतातला आपला भाग गाऊन ठेवतं, आणि उरलेला आपण भरायचा असतो. मी तो जबलपूरच्या एका बाईंच्या गाण्यांत भरत होतो. त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांच्याशी अक्षरही बोललो नाही. पण त्याच काळात बायको दर गणेशोत्सवाआधी म्हणायची, की यंदा मंडपात आपण दोघं एखादं गाणं म्हणू या. मी तिला सांगायचो, मला गळा नाही. कमी बोलणाऱ्या माणसावर लोक सहज विश्वास ठेवतात. तिनेही ठेवला.

रेकॉर्डिंगच्या फोल्डरला मी ‘आरत्या’ असं नाव दिलं होतं; गाणी नुसत्या आकड्यांच्या नावांनी आपोआप त्यात जाऊन पडत, मी तो उघडतही नसे. आमच्याकडे आरत्या सगळ्यांना पाठ. तो कोण कशाला उघडेल?

मागच्या हिवाळ्यात नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कंप्यूटर भजनी मंडळाला द्यायचं ठरलं. मी घाईघाईने तो फोल्डर कायमचा डिलीट केला. नक्की ना, असं कंप्यूटरने विचारलं, मी हो म्हटलं. आत बघायची हिंमत झाली नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, की मंडळाची सगळी भजनं बायकोने त्यातच ठेवली होती. आरत्यांचा फोल्डर समोर असताना ती दुसरीकडे कशाला जाईल? मंडळ सुरू करणाऱ्या काकूंचा आवाजही त्यात होता. काकू आता नाहीत, आणि तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

त्याच दुपारी तिने विचारलं, फोल्डर कुठे गेला. कंप्यूटर जुना झालाय, उडालं असेल काहीतरी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती रीसायकल बिन उघडून बघत होती, बंद करून पुन्हा उघडत होती. मी डिलीट केला, एवढंच बोललो आणि इंदूरला मुलीला फोन लावला.

“बाबा, आता त्याला हात लावू नको,” ती म्हणाली. “परमनंट वगैरे कुछ नहीं होता. मी शनिवारी येते.”

हायसं वाटलं. फायली बहुतेक परत येतील, पण नावं येणार नाहीत, एकेक ऐकून ओळखावी लागेल, असं तिने पुढे सांगितलं. म्हणजे मायलेकी शेजारी बसून माझी गाणी ऐकणार.

शुक्रवारी बायको मटार सोलत होती, तेव्हा मी सगळं सांगितलं, जबलपूरसकट. तिने मान वर केली नाही.

“आणि गळा नाही म्हणालात, ते?”

“खोटं.”

मटार घेऊन ती आत गेली. रात्री मला पोळी वाढली आणि आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

शनिवारी काकू सापडल्या. भजन मध्येच थांबवून त्या टाळ वाजवणाऱ्या बाईला झापत होत्या. बायको डोळे पुसत हसली. त्याच्या पुढची फाइल माझी निघाली. मुलगी बंद करायला गेली, तर बायकोने तिचा हात धरला आणि मान खाली घालून अख्खं गाणं ऐकलं.

“बाई बरी गाते,” ती म्हणाली. “तुम्ही मात्र दर ओळीला तिच्याआधी घुसता.”

मग मुलीला म्हणाली, त्या बाईचा आवाज काढून टाक, ह्यांचा राहू दे. दोन्ही आवाज एकाच फायलीत मिसळलेत, असे वेगळे होणार नाहीत, असं मुलीने समजावलं. बायकोने जरा विचार केला.

“मग ठेव. मला तिचा भाग पाठ करायचाय. आणि मंडपात मी आधी सुरू करीन, तुम्ही थांबायचं.”