निळ्या काठाचा कप
कुवेतमधल्या मंगफचा फ्लॅट रिकामा करताना ओट्याखालच्या कपाटात, अगदी मागे, निळ्या काठाचा कप सापडला आणि परीक्षेआधीची ती संध्याकाळ आठवली. मी अमेरिकन शाळेत होते. वसाहतींपासून नागरी हक्कांपर्यंतचा अमेरिकेचा सगळा इतिहास मी आईला मराठीत सांगत पाठ करत होते, आणि आई चहासाठी आलं किसत हुंकार देत होती. काळ्या माणसांना पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते, हे ऐकून ती म्हणाली, “काय एकेक माणसं असतात बाई.” तेवढ्यात बिल्डिंगचा बांगलादेशी रखवालदार, आमचा हारिस, पाण्याचे कॅन घेऊन वर आला. आई त्याला नेहमी चहा द्यायची, खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या निळ्या काठाच्या कपात. तिचा हात खिडकीकडे गेला आणि थांबला. मग तिने आमच्या कपांतला एक घेऊन त्यात चहा गाळला. तो संकोचला. “भाभी, मेरा कप?” “टूट गया,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली. हारिस केव्हाच त्याच्या गावी परतला, आता आईही नाही. कपाचा साधा टवकाही उडालेला नाही. मी तो विसळला आणि माझा चहा त्यातच गाळला.