कोंबड्यांच्या शेडात लागलेलं लग्न

माझं लग्न कोंबड्यांच्या शेडात लागलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा मळा काटेवाडीजवळ, सासर नरसिंहपूरच्या बाजूला. उसाच्या कामांपायी तारीख लांबत लांबत जून उजाडला होता. दारात मांडव मात्र तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, झोकात घातला होता. उंच बांबू, वर लाल-पिवळं कापड, कडेनं झालर.

लग्नाच्या दिवशी सकाळी मला हळद लावताना बायकांनी रेडिओ लावला होता. अरबी समुद्रात वादळ उठलंय, संध्याकाळपर्यंत आपल्याकडंही जोराचा वारा आणि पाऊस होईल, असं त्यात सांगितलं. "समुद्र कुठं आन् आपून कुठं!" कुणीतरी म्हणालं. आत्या मात्र हळदीची वाटी खाली ठेवून उठली.

आत्या म्हणजे तात्यांची धाकटी बहीण, वडगाव निंबाळकरला दिलेली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पुतण्याच्या लग्नात वाऱ्यानं मांडव उचलला आणि एक बांबू तिच्या खांद्यावर आला. हाड जुळलं, पण हात पुरता वर जाईना. तिची वेणी आता लेक घालायची.

"दादा, मांडव उतरव," ती बाहेर जाऊन म्हणाली.

"खुळी का काय तू? लगीन लागायच्या आदी मांडव काढत्यात व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. हितं लेकरं बसनार, म्हातारी बसनार. कापडात वारं शिरल्यावर बांबू कुनाच्या डोक्यात पडंल, ते सांग मला."

तात्यांना ते पटलं, पण आईला अपशकुनाची भीती वाटत होती. त्यावर आत्यानंच तोड काढली. आंब्याचे डहाळे बांधून पुजलेली मुहूर्तमेढ तशीच ठेवायची, बाकीचं सगळं काढायचं. "मेढ हाय म्हंजी मांडव हायच. वरचं कापड धुवाय काढलंय म्हना!" आईला हसू आलं आणि प्रश्न सुटला.

पण लग्न लावायचं कुठं? चुलत्यांनी नुकतंच पोल्ट्रीचं शेड बांधलं होतं. कमरेएवढी भिंत, वर जाळी, लोखंडी सांगाड्यावर बोल्टांनी आवळलेले पत्रे. पिल्लं अजून यायची होती. चुलते म्हणाले, "पयला मान नवरीचा. कोंबड्या मागनं येतील."

मग जी धांदल उडाली! नव्या कपड्यातले पाहुणे बांबू सोडायला लागले. शेडाच्या पश्चिमेच्या जाळीला ताडपत्री बांधली. गोठ्याच्या पत्र्यांवरून तारा ओढून खाली मोठ्या दगडांना आवळल्या. लिंबाखालच्या म्हशी गोठ्यात घेतल्या. विजेच्या माळा काढून गॅसबत्त्या आणल्या. आचारी कुरकुरत बुंदीची पातेली शेडाकडं घेऊन चालला होता आणि त्याच्यामागं आमची दोन्ही कुत्री. मी हळदीच्या अंगानं खिडकीत बसून हे सगळं बघत होते. सासरचे काय म्हणतील याची धाकधूक होती, तरी हसू आवरत नव्हतं.

दुपार कलताना वऱ्हाडाचा ट्रक आला. सासरे उतरले. मोकळ्या अंगणात एकटी मेढ उभी.

"इवाई, मांडव कुठं हाय? का आमचा दिस चुकला?"

आत्या पुढं झाली. तिनं हात जेवढा जातो तेवढाच, छातीपर्यंत वर केला. "आबा, ह्यो बघा मागल्या सालच्या मांडवानं मला दिल्याला आहेर. तुमच्या मान्साला तसला नगं, म्हनून काढलाय."

सासऱ्यांनी तिच्या हाताकडं पाहिलं, मग पश्चिमेकडं. तिकडं आभाळ शिसवी झालं होतं. "बराबर हाय बाई," ते म्हणाले आणि मागं वळून ओरडले, "चला रं शेडात! आन् बँड बंद करू नगा!"

गोरज मुहूर्ताला वारा आला तो घोंगावतच. अंतरपाट असा फुगला की नवऱ्या मुलाच्या तोंडाला चिकटला. मला नवऱ्याचं आधी नाक दिसलं, मग बाकीचा नवरा. पत्र्यावर पाऊस इतका आदळत होता की मंगलाष्टका कुणालाच ऐकू येईनात. भटजींनी हात हलवला की अक्षता टाकायच्या, असं ठरलं. लहान पोरं मूठभर तांदूळ मध्येच उधळून मोकळी होत होती.

माळा घालून झाल्या आणि बाहेर मोठ्ठा आवाज झाला. लिंबाची जाड फांदी अंगणात आडवी झाली होती, जिथं सकाळपर्यंत पाहुण्यांसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या तिथंच. पंगत बसल्यावर तात्यांनी पहिलं ताट स्वतः नेऊन आत्यापुढं ठेवलं.

"दादा, बुंदी वाईच कमी वाढ," ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही.

गावात काही छपरं उडाली, केळी झोपल्या, पण माणसाला कुठं इजा झाली नाही. वऱ्हाड रात्री शेडातच राहिलं. सकाळी मला घेऊन निघालं, तर इंदापूरच्या रस्त्यावर बाभळी आडव्या पडलेल्या. फेटे बांधलेले पाहुणे कुऱ्हाडी घेऊन उतरले, त्यांच्यात नवराही. रस्ता मोकळा करून तो परत ट्रकमध्ये चढला तेव्हा त्याच्या तळहातात काटा रुतला होता.

"भ्याली न्हाईस नव्हं काल?" त्यानं विचारलं. आमचं पहिलं बोलणं ते.

"न्हाय," मी म्हणाले, आणि साडीची पिन काढून त्याचा हात पुढं ओढला.