सात लेकींची आई

सहा मुलींच्या बापाची आमच्या नदीकाठच्या गावांत कीव केली जायची आणि सात मुलींच्या बापाचा हेवा. कारण साधं होतं. ओळीनं सातवी मुलगी झाली, मध्ये एकही मुलगा नाही, की देशाची राणी त्या मुलीची धर्ममाता व्हायची. मुलीला राणीचं नाव मिळायचं, राजवाड्यातून चांदीचा पेला यायचा, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी राणीच्या वतीनं खुद्द मेयर तिला हातावर घेऊन चर्चमध्ये उभा राहायचा. एरवी हाच मेयर धाग्यासाठी नदीत जवसाच्या पेंढ्या कुजवणाऱ्या माणसांशी नाकाला रुमाल लावून बोलायचा.

आमच्या गावातल्या रोझालीची सातवी मुलगी अशीच राणीच्या नावाची झाली. पण राणीचं नाव घेऊन मुलीला शेण भरायला कोण हाक मारणार? घरात आणि गावात सगळे तिला झेवेन्के म्हणायचे, म्हणजे आपली सातू.

राणीसाहेब परदेशातून लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आमची भाषा त्यांना कधीच धड जमली नाही आणि दरबारी बायका त्यावरून पंख्याआड हसायच्या. त्यांचा धाकटा भाऊ क्षयानं गेला होता. म्हणून त्यांनी समुद्रकाठी क्षयाच्या मुलांसाठी इस्पितळ उभं केलं, गावोगाव तान्ह्या मुलांना उकळलेलं दूध मिळायची सोय केली. इस्पितळात आल्या की हातमोजे काढून पोरांच्या कपाळावर हात ठेवायच्या, आणि डॉक्टर घाबरले तरी ऐकायच्या नाहीत. बाई मनानं चांगली होती, यात वाद नाही. आपल्या धर्मलेकींना त्या विसरल्या नाहीत. शिकायची इच्छा असेल तिला त्यांनी परिचारिका केलं. झेवेन्के त्यातलीच एक. एकोणतीस वर्षांची झाली तेव्हा तिला इस्पितळाची मेट्रन, म्हणजे सगळ्या परिचारिकांची प्रमुख, करायचं ठरत आलं होतं. ती जागा राणीच्या धर्मलेकीलाच मिळायची, तसा नियमच होता. मे महिन्यात राणीसाहेब येऊन स्वतःच्या हातानं किल्ल्या देणार होत्या.

मार्चमध्ये तार आली, की आईचं काही खरं नाही.

झेवेन्के घरी आली तेव्हा थोरली बहीण कोलेता चुलीशी ताकातली पेज ढवळत होती. कोलेतानं लग्न केलं नव्हतं. आधी बहिणींना वाढवलं, मग बापाचं केलं, आता आईचं करत होती, आणि हे सगळं आपल्यामुळं चाललंय हे कोणाला विसरू देत नव्हती.

"आलीस? राजवाड्यातून सुट्टी मिळाली का?"

"ताई, इस्पितळ आहे ते."

"तेच ते. जा आत. कालपासून तुझाच जप चाललाय. मी मरमर मरते, आणि नाव मात्र तुझं."

आईचा श्वास वरवर चालला होता, पण डोळे लख्ख होते. तिनं खूण करून लेकीला जवळ बसवलं.

"तुमच्या तिकडं एखादं पोर मरायला टेकलं आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नसला, तर काय करता गं?"

"पाणी घालतो. फादरची वाट नाही बघत. अशा वेळी कोणीही घालू शकतं, आई."

"तू घातलंयस?"

"अकरा वेळा."

"किती वेळ लागतो?"

"वेळ कसला? ओंजळभर पाणी आणि एक वाक्य. डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं."

आईनं छताकडं नजर वळवली. मग म्हणाली, "आमच्याकडं पाव तास होता."

आणि तिनं सगळं सांगितलं. सहावी मुलगी आणि झेवेन्के यांच्यामध्ये एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यातच आला, मुठीएवढा, पण रडला. सुईण सिदोनीनं त्याला फडक्यात गुंडाळलं आणि विचार करत बसली. तिला सगळ्या गावाची गणितं पाठ असायची. ती म्हणाली, हा काही टिकत नाही. पाणी घातलं तर फादरना सांगावं लागेल, फादर वहीत लिहितील, आणि तुझी सहा पोरींची ओळ तुटेल. त्यापेक्षा दिवस भरायच्या आत पोट रिकामं झालं म्हणू, काय होतं ते कळलंच नाही म्हणू. पुढची मुलगी झाली तर तिचं सोनं होईल. बापानं तर गुत्त्यात सातवीच्या नावानं आधीच चार जणांची बिअर पिऊन ठेवली होती. त्यानं पोराला मागच्या कुंपणाशी पुरलं.

"मी थकले होते, मला सुधरत नव्हतं, असं मी स्वतःला लई वर्षं सांगितलं," आई म्हणाली. "खोटं आहे ते. मला हवं होतं. वाटलं, सहा जणी तर जवसाच्या चिखलातच जाणार, एखादी तरी वर निघेल. ती तू निघालीस. आणि त्याला मी स्वर्गाच्या दाराबाहेर ठेवला. एका पेल्यासाठी."

पाण्याविना गेलेलं मूल स्वर्गात जात नाही, हे झेवेन्केला लहानपणापासून शिकवलेलं होतं. म्हणून तर ती इस्पितळात अकरा वेळा धावली होती. आणि इथं तिच्याच भावाच्या वाटचं पाणी तिच्यासाठी अडवलं गेलं होतं.

"फादरना सांग, आई. पापाची कबुली दे. ते क्षमा करतील."

"ते कानात ऐकतील आणि कानातच ठेवतील. ते पण लपवणंच झालं. मला ते कार्डावर पाहिजे."

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या नावाचं छोटं कार्ड छापतात. अंत्यप्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये वाटतात, आणि बायका ती आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात जन्मभर जपतात. कार्डावर छापलं ते खरं, मग बाकी जग काही म्हणो.

"आठ लेकरांची आई, असं छापायचं. त्याचं नाव लीव्हेन. मी मनात ठेवलेलं. त्याच्या जागेवर छापायचं, तुझ्या आधी."

तेवढ्यात पेजेचं भांडं घेऊन कोलेता दारात आली. तिनं शेवटचं तेवढंच ऐकलं असावं, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताप चढलाय तिला. बरळतेय. असलं काही झालं नव्हतं."

आईनं तोंड भिंतीकडं केलं.

स्वयंपाकघरात कोलेतानं झेवेन्केला धरलं. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते कार्ड छापलंस तर तू आठवी झालीस. मग कसली राणी आणि कसली मेट्रन? गाव म्हणेल, राणीलाही फसवलं यांनी. तुझ्यासाठी आम्ही सहा जणी झिजलो, त्याचं असं मातेरं करणार?"

"पण खरं असेल तर?"

"खरं नाहीये म्हणते ना मी!" कोलेता इतक्या जोरात ओरडली, की बाहेरची कोंबडी फडफडली.

झेवेन्के दोन दिवस आईच्या उशाशी बसली. आई डोळ्यांनी विचारायची, आणि ही उशी सारखी करायची, कपाळ पुसायची, विषय बदलायची. स्वतःचीच किळस येत होती तिला. पण किल्ल्यांचा तो जुडगा तिनं गेल्या वर्षभरात मनातल्या मनात शंभरदा कमरेला लावला होता. आपल्या वॉर्डात काय काय बदलायचं, खिडक्या किती उघड्या ठेवायच्या, सगळं ठरवून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी आईनं तोंडानं विचारलं, "छापशील ना?" झेवेन्के म्हणाली, "बघू, आई." दुपारी फादर येऊन गेले आणि तासाभरात आई गेली. "बघू" हेच शेवटचं उत्तर घेऊन गेली.

रडायलाही झेवेन्केला लाज वाटत होती.

कार्डाचा मजकूर कोलेतानं त्याच संध्याकाळी छापखान्यात धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना तपासायला झेवेन्के गेली. छापखानेवाले आमांद काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ये गं, राणीची लेक! झकास जुळवलंय बघ. 'सात लेकींची आई, सातवीची धर्ममाता राणीसाहेब.' असं कार्ड या गावात परत छापायला नाही मिळायचं मला."

झेवेन्केनं ओला कागद हातात घेतला. आईचं नाव, सात नावं, शेवटी राणीचं. पेला मिळवायला लागणारं सगळं काही होतं त्यात. नव्हता तो फक्त एक मुलगा.

"काका, बदलायचंय."

"काय, स्पेलिंग चुकलं?"

"आठ लेकरांची आई. सहाव्या नावानंतर लीव्हेन घाला. आणि राणीसाहेबांची ओळ काढा."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पोरी, एकदा पांढऱ्यावर काळं झालं की मला ते परत पांढरं करता येत नाही."

"ठाऊक आहे."

तिथूनच ती टपाल कचेरीत गेली. राजवाड्याचा पेला घरातून निघतानाच कापडात गुंडाळून आणलेला होता. आपण आठवं लेकरू आहोत, अशा चार ओळी इस्पितळाच्या प्रमुखांना लिहिल्या आणि पेल्यासोबत धाडून दिल्या. मे महिन्यात राणीसाहेब आल्या तेव्हा किल्ल्या दुसऱ्याच बाईनं घेतल्या. झेवेन्के मागच्या रांगेत परिचारिकांमध्ये उभी होती, आणि वाईट वाटलं नाही असं ती कधीच म्हणाली नाही.

पण ते नंतरचं. आईच्या अंत्यप्रार्थनेच्या दिवशी चर्च भरलं होतं. कार्डं बाकांवरून हातोहात पुढं गेली. बाकाबाकावर कुजबुज सुरू झाली. बायका ओठ हलवत बोटांवर नावं मोजत होत्या. मेयरनं कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात न घालता बाकावर उलटं ठेवलं. मधल्या पाच बहिणींनी झेवेन्केकडं मान वर करून बघितलं नाही. कोलेतानं मात्र कार्ड वाचलंच नाही, मुठीत दाबून ठेवलं.

माती टाकून सगळे पांगले, तरी कोलेता खड्ड्याशी उभीच. आता ही भडकणार, म्हणून झेवेन्के थोडी लांब थांबली. कोलेतानं मूठ उघडली. चुरगळलेलं कार्ड तळहातावर सपाट केलं आणि नावांवरून बोट फिरवलं.

"लीव्हेन," ती म्हणाली. "मला नाव ठाऊकच नव्हतं गं."

"ताई?"

"तो जन्मला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आधी आईनंच ओरडून सांगितलं, पोराला घालायला पाणी आण. मी पळत जाऊन विहिरीवरून भरून आणलं. दारात सिदोनी आडवी आली. म्हणाली, ठेव तिथंच, आता नको. आत ते रडत होतं. मी ऐकत उभी राहिले." तिनं कार्डावर दुसरा हात ठेवला. "ते गप्प होईपर्यंत बादली माझ्याच हातात होती."