अनिरुद्धरावांनी धुवायला लावलेली पिशवी

अनिरुद्धरावांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली तीन ओळी पदव्या आहेत. त्यांतली एकही जंतूंच्या कामाची नाही. नांजीकोट्टै रस्त्यावर भाताच्या गोदामाशेजारी त्यांची प्रयोगशाळा आहे. ई. कोलाय जंतूंत परका जनुक घालून त्यांच्याकडून औषधाची प्रथिनं बनवून घेणं हा आमचा धंदा. मी सरोजा, अकरा वर्षं तिथे टेक्निशियन आहे. जंतू कसे वाढतात हे अनिरुद्धरावांना अजून कळलेलं नाही, पण त्यांचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या राजवाड्यात कोण होते हे कुरिअरवाल्यालाही पाठ आहे.

पूर्वी स्टीलची टाकी होती. धुण्यात आणि वाफ देण्यात दोन दिवस मोडायचे. मग एकदाच वापरायचे बायोरिअॅक्टर आले. पन्नास लिटरची प्लास्टिकची पिशवी, आतच पंखा आणि हवेची नळी, कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन येते. जंतू वाढवायचे, उपसायचे, पिशवी फेकायची. फेकायची! हा शब्द त्यांच्या घराण्यात कोणी ऐकला नसावा.

"सरोजा, पाल कव्हर धुऊन ठिवतों की नाही अपण घरीं?" वापरलेली पिशवी उचलून ते म्हणाले. पाल कव्हर म्हणजे दुधाची पिशवी; ती धुऊन, वाळवून जुन्या सामानवाल्याला द्यायची इथली घराघरांतली रीत. "हेंही कव्हरच. थोडं मोठं."

"सर, नळ्यांच्या सांध्यांत जंतू ऱ्हातात. वाफ दिली तर पिशवी वितळेल."

"ब्लीचांत धू, उन्हांत वाळव. कोण बघतंय?"

उंटावरचा शहाणा! मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी पिशवी धुतली आणि गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातली.

त्या पिशवीत पुढची बॅच हरिताने लावली. तिरुवैयारुहून बसने येणारी, तात्पुरत्या नेमणुकीवरची मुलगी. ही बॅच साधली की तिची नोकरी कायम होणार होती. पिशवी धुतलेली आहे हे तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. फ्रीझरमधून जंतूंची कुपी काढण्यापासून सगळं तिने डोळ्यांत तेल घालून केलं. तपासणीत प्रत्येक प्रथिनाची वेगळी पट्टी दिसते. तिच्या प्रथिनाच्या पट्टीखाली मात्र दुसरीच पट्टी उमटली, मागच्या महिन्याच्या मालाची. सांध्यांत राहिलेले जुने जंतू मजेत वाढले होते. परके जंतू मरावेत म्हणून आम्ही पिशवीत अँटिबायोटिक घालतो, पण ते या दोन्हींना पचत होतं, मग त्यांना मारणार कोण?

माल घेणाऱ्या कंपनीची शांभवी नावाची अधिकारी चौकशीला आली. आम्हा तिघांना समोर बसवून तिने तमिळमध्ये सरळ विचारलं, "पिशवीत जुने जंतू असतील, नाही तर हरिताने चुकून मागच्या मालाची कुपीही ओतली असेल. पिशवी नवी होती का?"

अनिरुद्धराव पंख्याकडे बघू लागले. घराण्याचा सगळा रुबाब त्या एका प्रश्नात गळाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, माझी नोकरी होती.

"नवी," मी म्हणाले.

आठवडाभरात हरिताला घरी बसवलं. शेवटच्या दिवशी एप्रनची घडी माझ्या हातात देत ती म्हणाली, "अक्का, लेबल मी दोनदां वाचलें होतें. तरी कुपी चुकली कशी?"

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले. माझी मलाच शिसारी आली.

ती मान हलवून म्हणाली, "मजच नीट दिसलं नसेल."