उजवा पंख

दामूकाका चित्र काढायला बसले की सगळ्यात आधी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आखायचे. गोवर्धन उचललेला कृष्ण असो नाहीतर घायाळ जटायू, देवाच्या आधी चौकोन. त्यात तीन ओळी: रेखाटन, तपासणी, बदल. प्रत्येकीपुढे सही आणि तारखेची जागा. मानपाड्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज शाईने काढली होती. निवृत्त झाल्यावर यंत्रं गेली, देव आले, चौकोन मात्र राहिला. रेखाटनापुढे त्यांची सही असे आणि तपासणी कायम कोरी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्याची चित्रं, तो बगल ना."

माझं डोंबिवलीत डीटीपीचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे शाईचं रेखाटन शिकायला जायचे. शिकणं म्हणजे पहिले दोन महिने नुसत्या उभ्या रेघा. मी एकदा चुकून खोडरबर मागितला, तर काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलास का, हिला शाई खोडायचीय." मग माझ्याकडे वळून, "शाईला रबर नसतो गो. चुकला त चुकला, आपला म्हनायचा न् फुडं जायचा." पुढे त्यांच्याच पेनातून जटायूच्या डाव्या पंखावर टपकन थेंब पडला. मी हळहळले. ते शांत. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याला बिचाऱ्याला आधीच काय कमी लागलाय?"

त्या जटायूचा उजवा पंख मुळापासून तुटलेला होता. त्या रिकाम्या जागेवर काकांनी अकरा दिवस घालवले. म्हणायचे, "पंख कोनपन काढल. नसलेला पंख काढून दाव."

आमच्या सोसायटीला दिनदर्शिकेसाठी चित्र हवं होतं. मीच मध्ये पडून हे जटायूचं मिळवून दिलं आणि काकांनीही हौसेने दिलं. अध्यक्षांना मात्र ते खटकलं. "मॅडम, वर्षभर घरात लागणार हे. तुटकं चित्र कोण लावेल? तुमच्या कॉम्प्युटरवर होईल ना काहीतरी?" झालं. मी डावा पंख उचलला, उलटा केला आणि उजवीकडे चिकटवला. दहा मिनिटांचं काम. काकांना फोन करायला एक मिनिट लागलं असतं, पण ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं. म्हणूनच केला नाही.

दिनदर्शिका छापून आली त्याच आठवड्यात काका दुकानात आले. त्यांनी ती माझ्यासमोर उलगडली. डाव्या पंखावरच्या थेंबावर बोट ठेवलं, मग उजव्या पंखावरच्या तशाच थेंबावर.

"यो कुनी केला?"

"प्रेसवाल्यांनी परस्पर केलं काका."

तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय नाही. मी विचार करून बोलले होते.

"बरा," एवढंच ते म्हणाले आणि गुंडाळी काखेत मारून निघून गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखंच शिकवलं. त्या चित्राचा विषय पुन्हा कधी काढला नाही. उलट बिस्किटाची बशी माझ्याकडे जरा जास्तच सरकवायचे, आणि मला ते ओरडण्यापेक्षा जड जायचं. हळूहळू मी कामाची कारणं सांगायला लागले. रविवार सुटले. दोन वर्षांत फार तर तीनदा गेले असेन.

मग काका गेले. मी बाराव्याला गेले, तर बाहेरच्या खोलीत तोच जटायू. दिनदर्शिकेच्या तारखा कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावलेला, दोन पंखांचा. कोपऱ्यातल्या छापील चौकोनात, 'बदल' या शब्दापुढे काकांच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग्जवर असायच्या तशा अक्षरात लिहिलं होतं: उजवा पंख, स्मिता. सहीची आणि तारखेची जागा कोरी.

काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "तुझ्या दुकानातून आले त्याच दिवशी लिवलंय. मी बोलले, तिला इचारा तरी. त बोलले, नको, मागून घेतलेली सही नाय चालत. ती करल तवा करल."

"काकू, ते प्रेसवाल्यांनी नव्हतं केलं."

"माहीत हाय गो. त्यांना पन माहीत होता."

मला रडूही धड आलं नाही. काकूंनी तो पुठ्ठा भिंतीवरून उतरवला, आतून काकांचं पेन आणि शाईची दौत आणून दिली. पेनाच्या टोकावर शाई वाळली होती. मी ते पाण्यात धुतलं, दौतीत बुडवलं आणि सही केली. शेवटची रेघ चौकोनाच्या बाहेर गेली. ती तशीच राहू दिली. मग तारीख. तिथे दोन वर्षांपूर्वीची टाकायचा मोह झाला. काका मला दर रविवारी बिस्किटं पुढे करत होते, तेव्हाची एखादी.

मी बाराव्याचीच तारीख टाकली.