काठाची गोष्ट

कामठ्याजवळच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो, तेव्हा एक ढिवरीण रोज पंचायतीसमोर मासळी विकायला बसायची. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिचं लक्ष समोरच्या तलावावर असे. कुणी काही सांगितलं की आधी "काऊन जी?" विचारायची आणि उत्तर पटेपर्यंत विचारत राहायची.

तलावाच्या कामासाठी ग्रामसभा भरली. आराखडा वरून ठरूनच आला होता. गाळ काढायचा आणि काठ सिमेंटनं बांधायचा. आराखडा वाचून होताच ती उठली. "काठचा गवत नोका काढू जी. मासोळी तेथंच अंडे घालते. सिमेंट केल्यावर ते कोठी जाईल?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे लिवा."

मी मान हलवली आणि सभेच्या इतिवृत्तात 'आराखडा सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहिलं. तिचं म्हणणं नोंदवलं असतं तर काम अडलं असतं आणि वरून मला विचारणा झाली असती.

सभा संपल्यावर तिनं विचारलं, "माहा बोलना कोठी हाय?" तिला वाचता येत नव्हतं. मी कुठल्याशा ओळीवर बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून हात फिरवला आणि खाली अंगठा दिला.

काठ सिमेंटचा झाला. दोन पावसाळ्यांत तलावातली मासळी इतकी घटली, की ढिवरीण गोंदियाच्या बाजारातून मासळी आणून विकू लागली. माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी तिच्यापाशी थांबलो.

"तुमी त लिवलंच होतं जी," तीच माझी समजूत काढत म्हणाली. "वरच्यायनं आयकलं नाही."

मी "हो" म्हणालो.