वाघमारे साहेबांची रांग

वाघमारे साहेब कचेरीत आले की आधी आपल्या खोलीत जात नसत. बाहेर भिंतीला लाकडी खण होते, त्यांच्यापुढं उभं राहून एकेक कार्ड काढून वाचत. एवढ्या मोठ्या साहेबाला हा काय नाद, असं आम्ही कारकून मंडळी आपसात म्हणायचो.

दुष्काळानंतरची ती वर्षं. परभणीत आमची हातपंप दुरुस्तीची कचेरी होती. पंप बिघडल्याची खबर आली की कार्ड भरायचं, खणात लावायचं आणि खबर आली त्याच क्रमानं गाडी धाडायची, अशी नवी पद्धत वरून आली होती. गाडी एकच. सुरुवातीला कार्डं खणात आणि गाडी पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर, असाच कारभार चालला. मग वाघमारे साहेब बदलून आले. चिठ्ठीवाल्याला ते खुर्ची देत, चहा पाजत आणि विचारत, "कार्ड कुठाय?" एकदा तर चिठ्ठीवर सुटलेली गाडी जिंतूर रस्त्यावर चहाला थांबली होती, ती त्यांनी सायकलवर जाऊन माघारी आणली.

तरी मला खात्री नव्हती. परक्यांना नियम दाखवणं सोपं, घरचं माणूस आलं की कळेल, असं मी म्हणायचो. आणि ऐन उन्हाळ्यात त्यांची आईच आली. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीचा पंप बंद पडला होता.

"गावच्या हिरीवर आमाला कोन चढू देतंय? सकाळधरनं बाया घागरी घेऊन बसल्यात. आजच गाडी धाड, बाबा."

साहेबांनी स्वतः कार्ड भरलं. पुढं झरी, पेडगाव अशी बरीच गावं होती. त्यांनी ते सगळ्यांच्या मागं लावलं.

"माय, तिकडंबी बाया बसल्यात. नंबर आला की गाडी येतीय."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "तू शिकावं म्हनून मी लोकाच्या रानात खुरपलं," एवढंच बोलली आणि उन्हात बसस्टँडकडं चालू लागली. साहेब आत गेले आणि जेवायच्या सुट्टीतही बाहेर आले नाहीत.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या थांबल्या. कोणत्या तोंडानं आणणार? कार्ड लागलं की गाडी येते हे गावागावांना पटलं आणि बिघाड झाला की खबर लगोलग येऊ लागली.

पुढं साहेबांची बदली झाली. नवे साहेब भला माणूस. त्यांनी पद्धतीचं तोंडभर कौतुक केलं आणि त्याच दुपारी एका चिठ्ठीवर गाडी सोडली. हळूहळू गावांनी खबरा धाडणंच सोडलं. कार्डं तीच, कारकून तेच, गाडीही तीच. मला याचं फार नवल वाटायचं.

कैक वर्षांनी साहेब परभणी स्टेशनात भेटले. खण रिकामे पडल्याचं मी सांगितलं. मग राहवेना म्हणून विचारलं, आईचा राग गेला का?

"गेला असंल. शेवटी माझ्याकडंच राहायची की. जेवायची, नातवंडांत रमायची." ते रुळांकडं बघत होते. "पानी तेवढं सुनेला मागायची. मला न्हाई मागितलं कधी."